बऱ्हाणपूरपर्यंतचा बॅकअप

माझं शुद्धलेखन चांगलं आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं. आजोबांच्या काळापासून आम्ही सुरतेत. तरी घरात कुणी ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटलं की वडील जेवता जेवता घास हातात धरून थांबायचे. ते बँकेत होते, पण स्वभावाने पक्के मास्तर. समोरच्याने शब्द सुधारला की मगच तो घास तोंडात जायचा. तो गुण म्हणा की खोड, माझ्यात पुरेपूर उतरली आहे.

बमरोलीतल्या एका मराठी शाळेत मी क्लार्क आहे. मुलं बहुतेक लूम कारखान्यांतल्या कामगारांची, मूळची खानदेशातली. घरात अहिराणी, गल्लीत गुजराती, आपापसात हिंदी. पुस्तकातली मराठी त्यांना फक्त शाळेत भेटते. त्यामुळे या गावात मराठीची राखण करण्याची जबाबदारी आपल्यावर आहे असा माझा समज होता. ती मला कुणी दिली नव्हती, मीच अंगावर घेतली होती. शिक्षकांच्या सूचनाफलकावरच्या वेलांट्यासुद्धा मी जाता येता खडूने दुरुस्त करायचे. शिक्षक मला मागून काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे.

शाळेतल्या ज्या मोठ्या रजिस्टरात प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख आणि जन्मस्थळ लिहितात, त्याला इकडे वयपत्रक म्हणतात. शाळा सोडल्याचा दाखला त्यावरूनच निघतो. आमचं वयपत्रक बरीच वर्षं झाली, कॉम्प्युटरवर आहे. साड्यांच्या दुकानांना बिलाचे प्रोग्राम करून देणारे एक गुजराती भाई होते, त्यांनी तो प्रोग्राम केला. मी जुन्या नोंदी टाइप केल्या आणि मग आचार्य सर, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, आता कागदावर लिहू नका, डबल काम कशाला. मलाही ते पटलं. खोटं कशाला बोलू, फार पटलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. होळी नुकतीच होऊन गेली होती. सकाळी कॉम्प्युटर सुरू केला तर आतून कट कट आवाज आला आणि पडदा काळाच राहिला. दुरुस्तीवाल्याने डिस्क बाहेर काढली, कानाशी धरून हलवली आणि म्हणाला, “गई, बेन.” आचार्य सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी मात्र शांत होते. मी म्हटलं, “सर, बॅकअप आहे. तीन ठिकाणी आहे.” एक पेन ड्राइव्ह ऑफिसच्या कपाटात, एक सरांच्या टेबलात, एक माझ्या घरी देवघराच्या खणात. रोज पावणेपाचला मी बॅकअप घ्यायचे. पडद्यावर ‘बॅकअप पूर्ण’ अशी अक्षरं यायची, मग वहीत तारीख, फाइलचा आकार आणि माझी सही. एकही दिवस चुकवला नव्हता. ती वही मी सरांसमोर उघडून ठेवली. त्या क्षणी मला जो अभिमान वाटला तो आठवला की आजही तोंड लपवावंसं वाटतं.

नवा कॉम्प्युटर आला, बॅकअप त्यात भरला, आणि दुसऱ्याच दिवशी ती बाई आली.

ती कोसाडहून आली होती, दोन रिक्षा बदलून. वय पस्तिशीचं असेल, पण हातांवरून पन्नाशीची वाटत होती. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवायचं काम करायची, त्या गोंदाने बोटांची टोकं पांढरी पडली होती. आधी ही माणसं बमरोलीतच राहायची. तिची मुलगी आमच्याकडे पहिली ते आठवी शिकली. आठवीनंतर कोसाडला घर मिळालं, दाखला न्यायला कुणी आलं नाही, आणि मुलगी आईबरोबर टिकल्या चिकटवायला बसली.

“मॅडम, मनी पोरना दाखला जोयजे,” ती म्हणाली. मग दारापाशी कुणी आहे का ते पाहून तिने खुर्ची पुढे ओढली. जेठाने, म्हणजे तिच्या मोठ्या दिराने, मुलीचं लग्न ठरवलं होतं. आखाजीनंतरची, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरची तारीख होती. बाईचा नवरा कडोदऱ्याला लूमवर, आठवड्याने घरी येणारा, आणि भावापुढे मान वर न करणारा. “पोर सोळानी बी नही शे, मॅडम. खरी तारीख तुमनी शायामाच शे.”

शाया म्हणजे शाळा. मी तिच्याकडून सगळं नीट विचारून घेतलं. मुलीचं आधार कार्ड गावी जेठानेच काढवलं होतं. कागद काही नव्हता, म्हणून त्याने अंदाजाने वर्ष सांगितलं, आणि कार्डावर त्या वर्षाची एक जानेवारी छापून आली. त्या कार्डाप्रमाणे मुलगी अडीच वर्षांनी मोठी होती, अठरा पूर्ण. लग्न करायला मोकळी. पण पहिलीत घालताना आईने प्रसूतिगृहाची चिठ्ठी आणली होती. तिच्यावर खरी तारीख होती. ती चिठ्ठी मी अर्जाला टाचली होती, तारीख मी स्वतः टाइप केली होती. शाळेचा दाखला हातात आला की ती तो घेऊन थेट पोलिसांत जाणार होती. तसं तिला कोसाडच्या अंगणवाडीतल्या बाईंनी समजावून दिलं होतं. मुलीला परत नववीत बसायचं होतं.

“बसा ताई, पाच मिनिटांचं काम आहे,” मी म्हटलं.

मी नाव टाइप केलं. नोंद नाही. आडनाव आधी घालून पाहिलं. नाही. आईच्या नावावरून शोधलं. नाही. मग मी सगळी यादी उघडली आणि शेवटी गेले. यादी मधेच संपत होती. गेल्या कित्येक वर्षांत दाखल झालेलं एकही मूल तिच्यात नव्हतं. बाईला मी म्हटलं, “उद्या या. आज मशीन नवीन आहे.” ती उठली, मला हात जोडले आणि गेली. मशीनवर ढकलून मोकळी झाले होते मी.

मग तिन्ही पेन ड्राइव्ह आणले. जुन्या सीडी शोधल्या, महिन्यामहिन्याच्या प्रती उघडल्या. सगळ्या त्याच मुलापाशी संपत होत्या. तीन ठिकाणी मी एकच अर्धवट गोष्ट जिवापाड जपली होती. वहीत पाहिलं तर फाइलचा आकार वर्षानुवर्षं तोच. दर जूनला नवी मुलं येत होती आणि आकार ढिम्म हलत नव्हता. तो आकडा मी रोज स्वतःच्या हाताने लिहीत होते. मला वाटायचं, रोज तेवढाच येतोय म्हणजे सगळं व्यवस्थित आहे. घरात रोज तेवढाच भात शिजला की बाईला बरं वाटतं, तसं.

प्रोग्रामवाल्या भाईंना बोलावलं. ते आता थकले होते, कानाला यंत्र लावलेलं. त्यांनी फाइल साध्या अक्षरांत उघडली. आमचा फॉन्ट जुना, आत इंग्रजी चिन्हं आणि वर मराठीचा सदरा. सदरा काढला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. त्या खिचडीच्या अगदी शेवटी भाईंनी बोट ठेवलं. “बेन, ये क्या डाला आपने?”

शेवटच्या मुलाचं जन्मस्थळ होतं ते. बऱ्हाणपूर.

मला तो दिवस लख्ख आठवला. मुलाचा बाप ‘बुरहानपूर’ म्हणाला होता. मी त्याला म्हटलं होतं, आपल्यात बऱ्हाणपूर म्हणतात. तोवर त्या अक्षराची मला गरजच पडली नव्हती. चोपडा, पारोळा, साक्री, शिरपूर, मुलं जन्मायची ती अशा सरळ गावांत. ‘ऱ्ह’मधला तो अर्धा र कुठल्या चावीवर आहे ते मी तक्ता पाहून शोधलं, टाइप केलं आणि आचार्य सरांना बोलावून दाखवलं. गुजरातीत हे अक्षरच नाही, असंही वर ऐकवलं. सर म्हणाले, वा.

ती चावी एकेरी अवतरणचिन्हाची होती. प्रोग्राम बॅकअप लिहिताना प्रत्येक मजकुराच्या दोन्ही टोकांना तेच चिन्ह लावायचा. मजकुराच्या पोटातच ते आलं की त्याला वाटायचं मजकूर संपला, पुढचं त्याला कळायचं नाही, आणि तो तिथेच थांबायचा. थांबूनही ‘बॅकअप पूर्ण’ लिहायला मात्र विसरायचा नाही. आणि भाईंनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. एंटरशेजारच्या चावीवर बोट ठेवून म्हणाले होते, “बस, ये एक निशान मत डालना. बाकी सब चलेगा.” मी हो म्हटलं होतं, आणि ते चिन्ह मी कधीच टाकलं नाही. मी अक्षर टाकलं. भाईंना त्या चावीवर निशान दिसत होतं, मला र दिसत होता. एकाच चावीकडे आम्ही दोघं पाहत होतो आणि आमचं एकमेकांशी नीट बोलणं झालं असंच दोघांना वाटत होतं.

“बुरहानपुर लिख देते तो कुछ नहीं होता,” भाई म्हणाले. रागाने नाही, हळहळून. मला त्यांचा इतका राग आला की मी चहासुद्धा विचारला नाही. खरं तर राग माझाच मला आला होता, पण समोर ते होते.

डिस्क घेऊन मी स्वतः रिंग रोडवरच्या एका माणसाकडे गेले. तो मेलेल्या डिस्कमधून माहिती काढतो असं ऐकलं होतं. त्याने चार दिवस ठेवून घेतली. मग तिचं झाकण उघडून मला आतली चकती दाखवली. तिच्यावर गोल चरा पडला होता. “यहाँ था,” तो म्हणाला. मी त्या चऱ्याकडे पाहत उभी राहिले. त्याने आणखी काही सांगितलं, ते मी ऐकलं नाही.

कागदांचं विचाराल तर प्रवेशअर्ज खालच्या मजल्यावरच्या खोलीत होते आणि आदल्या पावसाळ्यात खाडीचं पाणी त्या खोलीत शिरलं होतं. कागदांचा लगदा झाला होता, शिपायाने तो फावड्याने बाहेर काढला. वर्गांची जुनी हजेरीपत्रकंही त्यातच गेली. तेव्हाही मी म्हटलं होतं, जाऊ द्या, बॅकअप आहे. प्रसूतिगृहाची ती चिठ्ठी त्या लगद्यात होती.

ती बाई दर दोन दिवसांनी यायची. मी तिला तिसऱ्या खेपेला खरं सांगितलं. तिला डिस्क, बॅकअप काही समजलं नाही. एवढंच समजलं की शाळेत तिच्या मुलीची तारीख होती आणि आता नाही. ती चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी तिने मुलीची सगळी निकालपत्रकं आणली, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली. आठ वर्षांची आठ. प्रत्येकावर जन्मतारखेचा रकाना होता आणि प्रत्येक वर्गशिक्षकाने त्यात आडवी रेघ मारली होती. आठही रेघा मी पाहिल्या. त्या शिक्षकांपैकी कुणाच्याही वेलांट्या मी पुन्हा दुरुस्त केल्या नाहीत. माझा अधिकारच संपला होता.

प्रसूतिगृह कडोदऱ्याला होतं. एका रविवारी मी तिथे जाऊन आले. त्या जागी साड्या पॅक करायचं गोदाम होतं. तिथल्या माणसाला दवाखाना असल्याचंच ठाऊक नव्हतं. शेजारच्या पानवाल्याला आठवत होता. डॉक्टरीण बाई वारल्या, मुलगा परदेशी, कागदपत्रं कुठे गेली कुणास ठाऊक. जन्माची नोंद महापालिकेत झाली नव्हती, ग्रामपंचायतीतही नव्हती. सरकारच्या ऑनलाइन यादीत मुलगी सापडली, पण तिथली तारीख आधार कार्डावरून आलेली. तीच एक जानेवारी.

मुलांच्या मदतीसाठी फोन असतो, त्यावरही मी बोलले. पलीकडच्या बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “वयाचा पुरावा शाळा देईल ना?” मी म्हटलं, “मी शाळेतूनच बोलतेय.” त्यांनी चौकशीला माणूस पाठवला. जेठाने त्याला आधार कार्ड दाखवलं. माणूस नाइलाजाने परत गेला. त्या दिवशी घरी बाईला मार बसला, हे मला तिने नाही, तिच्या कपाळाने सांगितलं.

“ताई, तारीख आठवते का तुम्हाला?” मी एकदा विचारलं. काही उपयोग नव्हता, तरी विचारलं.

“आठवस ना,” ती म्हणाली. “कानबाई उठनी त्याच सोमवारनी शे ती. बायका गाणं म्हणत नदीवर जाई ऱ्हायन्त्या, आनि मी दवाखानामा.”

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरांत कानबाई बसते आणि सोमवारी तिचं विसर्जन होतं. मुलगी पहिलीत कधी आली ते निकालपत्रकावरून कळत होतं. मी जुनी पंचांगं शोधली, वर्ष मोजलं, सोमवार काढला. तारीख निघाली. टाइप करताना मी हीच तारीख टाइप केली होती याची मला खात्री पटली. ती एका कागदावर लिहून मी आचार्य सरांपुढे ठेवली. सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. “बाई, देवीला साक्षीला बोलवायचं का?” ते म्हणाले. चेष्टा नव्हती ती. माणूस थकला की असंच बोलतो.

आखाजीच्या आधी दहा-बारा दिवस वरून आदेश आला. ज्या मुलांची नोंद गेली आहे त्यांची नोंद आधार कार्डाप्रमाणे नव्याने भरा. मी भरायला बसले. खानदेशात अंदाजाने कार्डं काढलेल्या कितीतरी मुलांची तारीख एक जानेवारीच होती. वर्ग संपून दुसरा वर्ग सुरू व्हायचा आणि एक जानेवारी, एक जानेवारी. आमची अर्धी शाळा नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी जन्मली. जन्मस्थळाच्या रकान्यात आता काहीही टाइप करता येत होतं. भाईंनी फॉन्ट बदलला होता, प्रोग्राम नीट केला होता. मी ‘बुरहानपुर’ लिहीत होते. कुणी विचारलं नाही.

त्या मुलीच्या नोंदीवर आले तेव्हा मी खरी तारीख टाकली. श्रावणातला तो सोमवार. लाल अक्षरांत आलं, आधारशी जुळत नाही. पुन्हा टाकली. पुन्हा लाल. मी किती वेळा टाकली ते सांगायला लाज वाटते. सर मागे येऊन उभे राहिले होते, ते मला नंतर कळलं. “दाखलाच निघणार नाही, बाई,” ते हळू आवाजात म्हणाले. “निदान तिला कुठे शिकायचं झालं तर दाखला तरी असू दे.” त्यांच्या बोलण्यात तथ्य होतं. मी एक जानेवारी टाइप केलं आणि वर्ष जेठाचं.

बाईला निरोप कुणी दिला ठाऊक नाही. दाखले निघतायत एवढंच तिच्या कानावर गेलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी ती दारात उभी होती, आणि या वेळी मुलीला घेऊन आली होती. मुलगी आईहून उंच झाली होती. दोन वेण्या, गोंदाने पांढरी झालेली बोटं. बाई हसत होती. इतक्या खेपांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

“मॅडम, निघना ना दाखला?”

मला सांगायचं होतं. कालपासून मी मनात वाक्यं जुळवत होते, साधी, तिला कळतील अशी. ताई, हा दाखला पोलिसांकडे नेऊ नका. ताई, यावर जे लिहिलंय ते तुमच्या जेठाचं आहे. मी तोंड उघडलं आणि “हो, निघाला,” एवढंच म्हटलं. दाखला पुढे सरकवला. बाईला वाचता येत नाही. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि मुलीकडे दिला.

“वाच, बेटा. तारीख बरोबर शे ना?”

मुलगी वाचू लागली. आमच्याच शाळेत शिकलेली, ओळीखाली बोट धरून वाचणारी. नावावरून बोट गेलं, गावावरून गेलं आणि तारखेवर थांबलं. तिने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही, एवढंच माझ्या बाजूने म्हणता येईल. आई तिच्या तोंडाकडे पाहत होती.

“बरोबर शे, माय,” ती म्हणाली.

मग ती खुर्ची ओढून टेबलाशी बसली, पेन घेतलं आणि दाखला मिळाल्याची सही कुठे करायची असं तिने मला विचारलं. मी जागा दाखवली.